जांभळी नाक्याचं काष्ठौषधीचं दुकान, हळदीच्या कॅप्सूल आणि माझा उजवा डोळा

दुकानाला पाच पैकी पाच स्टार, कॅप्सूलला दोन. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगितलं, बाकीच्यांनी निवांत वाचा, कारण विषय डोळ्याचा आहे आणि यातलं निम्मं जरी मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तरी माझा बराच त्रास वाचला असता.

झालं असं की मी ठाण्यात जांभळी नाक्याला दारुहळद घ्यायला गेले होते. कोपिनेश्वर मंदिराकडून बाजारात शिरलं की आतल्या गल्लीत एक जुनं काष्ठौषधीचं दुकान आहे, लाकडी कपाटं, पत्र्याचे डबे, आत पाय टाकल्यावर ओवा, वेखंड आणि धूप यांचा एकत्र वास. काउंटरवरच्या काकांनी डबा काढला, काट्यावर कागद ठेवला आणि सहज विचारलं, "ताई, कशाला पाहिजे?" मी म्हटलं डोळ्यासाठी, उकळायची, फडक्यातून गाळायची आणि दोन दोन थेंब टाकायचे. त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. म्हणाले, "डोळ्यात टाकायला मी देत नाही. वैद्यांची चिठ्ठी असेल तर पोटात घ्यायला देतो. डोळ्यात नाही." माझ्या मागे सहा-सात गिऱ्हाईकं उभी होती, श्रावण तोंडावर होता, तरी हा माणूस मला विचारतोय की डॉक्टर काय म्हणाले, डोळ्याचं प्रेशर तपासलं का, आधीचे ड्रॉप बंद तर नाही ना केले. मला खरं सांगायचं तर त्यावेळी राग आला होता. आज त्या नकारासाठीच पाच स्टार देतेय.

आता माझं काय झालं होतं ते सांगते. मला युव्हिआयटिस आहे, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला सूज येते, माझ्या केसमध्ये पुढच्या बाजूला, रंगीत पडदा असतो ना बाहुलीभोवतीचा, त्याला. पहिल्यांदा झालं तेव्हा सगळ्यांनी "डोळे आलेत" म्हणून सोडून दिलं, मीही मेडिकलमधून एक ड्रॉप आणला आणि पाच दिवस घालवले. तो फरक लक्षात ठेवा प्लीज. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, खाज येते, पापण्या सकाळी चिकटतात. यात चिपडं नसतात. यात आतून ठणका लागतो, उजेड सहन होत नाही, ट्यूबलाईट लावली तरी डोळ्यातून पाणी, लाली बुबुळाच्या कडेने जास्त आणि दिसताना मधेमधे धुरकट. असं असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, स्लिट लॅम्पवर हनुवटी ठेवून बघतात तेव्हाच कळतं, आतल्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगत असतात त्या मोजतात.

मग चौकशी सुरू झाली. छातीचा एक्सरे, मँटू टेस्ट, कारण आपल्याकडे टीबीमुळेही डोळ्यात अशी सूज येते आणि ते न बघता नुसती सूज दाबली तर अवघड होऊन बसतं. टीबी नव्हता. एचएलए बी सत्तावीस (रक्तात तपासतात ती एक जनुकीय खूण) पॉझिटिव्ह आलं, तेव्हा सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास आखडायची त्याचाही उलगडा झाला, दोन्ही एकाच घरातले आजार. उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडचे ड्रॉप, सुरुवातीला तासातासाला, मग हळूहळू आठवड्यांच्या हिशोबाने कमी करत आणायचे, अचानक सोडायचे नाहीत, आणि बाटली दर वेळी नीट हलवायची कारण औषध तळाला बसतं (हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, तिसऱ्या अटॅकला कळलं). सोबत बाहुली मोठी करणारा होमॅट्रोपिन, नाहीतर सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटतो.

ड्रॉपने सूज जायची. पण दुसऱ्या वेळी डोळ्याचं प्रेशर 28 पर्यंत गेलं, साधारण 21 च्या आत पाहिजे, आणि स्टेरॉईडने काहीजणांना हे होतं, पुढे काचबिंदू मोतीबिंदू दोन्हीची भीती. घरी जे घाबरणं झालं ते इथूनच. सासूबाईंचं माहेर सांगलीकडचं, त्यांचं म्हणणं हळदीसारखं दुसरं औषध नाही, हे स्टेरॉईड सोड. मग नवऱ्याच्या मावसभावाने दोन गोष्टी पाठवल्या, एक हळदीच्या कॅप्सूलची ऑनलाइन लिंक आणि एक दारुहळदीचा काढा डोळ्यात टाकायचा उपाय. कॅप्सूल मी लगेच मागवल्या, दारुहळदीचं काय झालं ते वर सांगितलंच.

आधी कॅप्सूल. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशा डझनभर आहेत आणि सगळ्यांचा डबा सारखाच दिसतो. 60 कॅप्सूल, 749 रुपये, 95 टक्के कर्क्युमिनॉइड (हळदीतली पिवळी द्रव्यं, त्यातलं मुख्य कर्क्युमिन), सोबत काळ्या मिरीचा अर्क. विकायच्या पानावर डोळ्याचं चित्र आणि "डोळ्यांची सूज मुळापासून" असं ठळक अक्षरात. डबा घरी आल्यावर मागे बारीक अक्षरात काय तर औषधी वापरासाठी नाही, आणि खाली एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी नंबर. म्हणजे कायद्याने ती खाण्याची वस्तू आहे, औषध नाही, आणि जे पानावर सांगितलं ते डब्यावर लिहायची हिंमत नाही. पहिला स्टार इथेच गेला. आपल्याकडे 1954 पासून जादूटोणा छापाच्या औषधी जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, त्याच्या यादीत काचबिंदू, मोतीबिंदू, अंधत्व ही नावं आहेत, तरी रोज मोबाईलवर डोळे बरे करणारे तीन तरी थेंब विकायला येतात.

पण मला कॅप्सूलला नुसती शिवी घालून सोडायचं नाहीये, कारण मी वाचायला लागले तेव्हा कळलं की यामागे खरोखर काहीतरी आहे. 1999 मध्ये लखनौच्या डॉक्टरांनी माझ्यासारख्याच जुनाट पुढच्या युव्हिआयटिसच्या पेशंटना कर्क्युमिन दिलं होतं, 375 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, 12 आठवडे. 32 जणांनी पूर्ण केलं, त्यातल्या 18 जणांना फक्त कर्क्युमिन आणि 14 जणांना टीबीची औषधं अधिक कर्क्युमिन. दोन आठवड्यांनी सुधारणा दिसायला लागली. हे वाचून मी रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवलं होतं. मग पुढचं वाचलं, तीन वर्षं पाठपुरावा केला तेव्हा फक्त कर्क्युमिनवाल्यांपैकी 55 टक्के लोकांना सूज परत आली, दुसऱ्या गटात 36 टक्के. आणि तुलनेला औषध नसलेली नुसती गोळी घेणारा गट नव्हताच, त्यामुळे आपोआप किती बरं झालं असतं ते कळायला मार्ग नाही. युव्हिआयटिस स्वतःहूनही चढतो उतरतो, हे मला माझ्याच डोळ्यावरून माहितीये. नंतर 2010 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी लेसिथिनला जोडलेलं, जास्त पचणारं कर्क्युमिन 106 जणांना वर्षभर दिलं, चालू उपचारांच्या जोडीला, आणि अटॅक कमी झाले असं लिहिलं, पण तिथेही समोर दुसरा गट नाही. आशा वाटावी असं आहे, उपचार सोडावे असं नाही.

आणि डोसचा हिशोब तर प्रत्येक घरात सांगायला पाहिजे. हळदीच्या पावडरमध्ये कर्क्युमिन साधारण 3 टक्के धरा. लखनौचा डोस दिवसाला 1125 मिलिग्रॅम. म्हणजे रोज 37 ग्रॅमच्या आसपास हळद, चहाच्या चमच्याने बारा चमचे. आपण दुधात टाकतो एक चमचा, त्यात जेमतेम 90 मिलिग्रॅम. त्यातही बहुतेक रक्तात पोचतच नाही, आतडं आणि लिव्हर मिळून बाहेर काढून टाकतात. म्हणून मिरी. 1998 मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं 20 मिलिग्रॅम पिपरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढलं होतं, कॅप्सूलवाले तेच वाक्य जाहिरातीत घालतात. सासूबाईंना मी हा चमच्यांचा हिशोब कागदावर करून दाखवला, त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "दूध तरी पी." दूध पिते मी अजून, त्यांच्या हातचं.

माझा अनुभव म्हणाल तर तीन महिने रोज दोन कॅप्सूल घेतल्या. कंबरेला थोडं हलकं वाटलं, ते खरं की मनाचं, मी शपथेवर सांगू शकत नाही. ॲसिडिटी मात्र नक्की झाली. आणि दहाव्या आठवड्यात उजवा डोळा परत लाल. एका माणसाच्या एका डोळ्यावरून औषध चांगलं की वाईट ठरत नाही, पण जाहिरातीतलं "मुळापासून" हे माझ्यापुरतं तरी खोटं निघालं.

तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. मी पाचपाखाडीत दाखवते, मॅडम ओरडतील असं वाटत होतं, त्या ओरडल्या नाहीत, डबा हातात घेऊन मागचं लेबल वाचलं आणि म्हणाल्या हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत. कारण अटॅक सारखे येताहेत म्हणून त्या मला मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबून सूज रोखणारं औषध) सुरू करायच्या विचारात होत्या आणि त्यात लिव्हर जपायला लागतं. रक्त तपासलं तर लिव्हरचं एसजीपीटी 62, आधी कधीच वाढलेलं नव्हतं. कॅप्सूल बंद केल्या, सहा आठवड्यांत नॉर्मल. कॅप्सूलमुळेच झालं असं मी ठामपणे म्हणत नाही, पण मिरी घालून जास्त शोषली जाणारी हळद घेतल्यावर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस अमेरिका आणि इटलीत नोंदल्या गेल्यात, आणि मिरी फक्त हळदच वाढवत नाही, फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवते. डब्यावर यातलं एक अक्षर नाही. दुसरा स्टार गेला. तिसरा ॲसिडिटीचा. उरलेले दोन त्या लखनौच्या कामाला समजा, कंपनीला नाही.

त्याच भेटीत मी विचारलं, मॅडम, मग झाडपाल्याचं काहीच चालत नाही का डोळ्याला. त्यांनी माझ्या पर्समधली होमॅट्रोपिनची बाटली मागितली. म्हणाल्या, हे ॲट्रोपिनचं भावंड, आणि ॲट्रोपिन मूळचं बेलाडोनाच्या झाडातलं, आपल्या धोत्र्यातही त्याच जातीची द्रव्यं आहेत. मला एकदम आठवलं, कारण काकांनी मला दुकानात हेच सांगितलं होतं! महाशिवरात्रीला कोपिनेश्वरला वाहायला धोत्र्याची फुलं नि फळं तोडतात, त्यांच्या गावी एका बाईने तोडून तसाच हात डोळ्याला लावला तर एका डोळ्याची बाहुली ही एवढी मोठी झाली, दोन दिवस त्या डोळ्याने जवळचं दिसेना, घरच्यांना वाटलं डोळा गेला. काका सांगत होते की झाडात ताकद असते म्हणूनच भीती असते, आणि मॅडमनी सांगितलं की कारखान्यात तेच द्रव्य वेगळं काढून, टक्केवारी ठरवून, जंतू मारून बाटलीत भरतात म्हणून ते तुमच्या डोळ्यात टाकता येतं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, एक दहावी नापास (हे त्यांनीच सांगितलं), एक एमएस, आणि बोलले अगदी एकच.

आणि ज्या स्टेरॉईडच्या नावाने घरात सगळे दचकतात त्याचीही गोष्ट तीच. 1940 च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन केमिस्टने मेक्सिकोतल्या रानटी कंदातून डायोस्जेनिन काढून त्यापासून हार्मोन बनवून दाखवलं, पुढे कॉर्टिसोन स्वस्त झालं ते त्याच वाटेने. आपल्या सुरणासारखाच जमिनीतला कंद तो. बेशेट नावाच्या आजारात (त्यातही डोळ्याला सूज येते) वापरतात ते कोल्चिसिन आपल्या कोकणातल्या कळलावीत असतं, जी खाऊन माणूस मरतो. त्यामुळे "ते केमिकल, हे नॅचरल" असं कोणी मला म्हटलं की मी आता थांबवते आणि ही धोत्र्याची गोष्ट सांगते.

दारुहळदीचंही वाचलं. नावात हळद असली तरी हळदीशी नातं नाही, हिमालयातलं काटेरी झुडूप, पिवळा रंग बर्बेरिनचा. त्याचा घट्ट काढा म्हणजे रसांजन, आयुर्वेदात डोळ्यासाठी पूर्वीपासून आहे, म्हणजे मावसभावाने अगदीच हवेतून काढलेलं नव्हतं. बर्बेरिन, ग्रीन टीमधलं कॅटेचिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, द्राक्षातलं रेस्व्हेराट्रॉल, या सगळ्यांवर डोळ्याच्या सुजेसाठी प्रयोगशाळेत काम झालंय. उंदरांना जंतूंचं विष टोचून मुद्दाम डोळ्यात सूज आणतात आणि मग हे देऊन बघतात, सूज कमी होते. पेशीमध्ये सूज चालू करणारं एक बटण असतं, एनएफ कप्पा बी म्हणतात, ही द्रव्यं ते दाबतात, मग टीएनएफ (सूज वाढवणारं प्रथिन) वगैरे कमी तयार होतं. हा तोच टीएनएफ जो अडवायला अडॅलिमुमॅबचं महागडं इंजेक्शन देतात, 2016 मध्ये अमेरिकेत डोळ्याच्या मधल्या-मागच्या भागाच्या युव्हिआयटिससाठी त्याला मंजुरी मिळाली. म्हणजे दिशा बरोबर आहे. अडतं कुठे तर उंदराकडून माणसाकडे येताना, आणि पोटातून डोळ्यात पोचताना, कारण रक्तातलं सगळंच डोळ्याच्या आत जाऊ नये म्हणून शरीराने तिथे भिंत बांधलेली असते. मला मनापासून वाटतं की यावर आपल्या देशात मोठी, नीट, दोन गट करून ट्रायल व्हायला पाहिजे. हळदीच्या अमेरिकन पेटंटसाठी माशेलकर सर आणि सीएसआयआर भांडले, 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे, मग त्याच हळदीवर पेशंटला उपयोगी पडेल असं काम पण आपणच करू ना.

आणि काढा डोळ्यात का नाही, ते मॅडमनी एका वाक्यात सांगितलं, फडक्यातून गाळलेलं पाणी स्वच्छ दिसतं, निर्जंतुक नसतं. स्टेरॉईड चालू असलेल्या डोळ्याची जंतूंशी लढायची ताकद आधीच कमी, त्यात बुरशी गेली तर बुबुळावर जखम, आणि मग नजर जाऊ शकते. काकांनी त्या दिवशी पुडी बांधून दिली असती तर मी संध्याकाळी टाकणार होते. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

दोन महिन्यांनी मी परत गेले, मुद्दाम सांगायला. त्यांनी ओळखलं, पहिला प्रश्न, "डोळा कसाय?" तेव्हापासून घरची हळद तिथूनच घेते, पावडर नाही, हळकुंडं. पावडर ठेवतच नाहीत ते, म्हणतात दळल्यावर आत काय आहे ते मलाच दिसत नाही तर तुम्हाला काय सांगू. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळतात, त्यात शिसं असतं, त्यामुळे अतीच चकचकीत हळकुंड पण घेऊ नका हा त्यांचाच सल्ला. सांगलीची आणि वायगावची दोन्ही असते, वायगावची रंगाला गडद, सासूबाईंना अर्थात सांगलीचीच लागते. डब्यांवर मराठी नावाखाली शास्त्रीय नाव, पुडीवर तारीख, आणि बाळंतशोपा, मुरडशेंग, वावडिंग असलं जे बाकी कुठे मिळत नाही ते सगळं. सुंठ अप्रतिम, घरी फोडली की वास स्वयंपाकघरभर.

उणिवाही सांगते. बसायला जागा नाही, गर्दीत अर्धा तास उभं राहावं लागतं कारण काका प्रत्येकाला प्रश्न विचारतात, ज्यांना पटकन सामान पाहिजे ते वैतागतात. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. दुपारी दीड ते साडेचार बंद. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं. गाडी अजिबात आणू नका, स्टेशनवरून पश्चिमेला चालत दहा मिनिटं, आणि तलावपाळीकडून आलात तर संध्याकाळी सहानंतर भाजीवाल्यांमधून वाट काढावी लागते.

माझा डोळा सध्या शांत आहे. मेथोट्रेक्सेटला आठ महिने झाले, दर काही आठवड्यांनी रक्त तपासते, प्रेशर 16. मागच्या शनिवारी दुकानात माझ्या पुढे एक आजोबा त्रिफळा मागत होते, काकांनी विचारलं कशाला, ते म्हणाले डोळे धुवायला, डोळा लाल झालाय, उजेड बघवत नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना तिथूनच रिक्षात घालून डॉक्टरांकडे सोडून आले, माझी सुंठ घ्यायची राहिली ती काकांनी बाजूला काढून ठेवलीये.